दोन हजार सतराची पोरं

फोन म्हणतो, जागा भरली.
भरणारच.
महिन्याच्या पहिल्या मंगळवारी चिचटोल्याच्या अंगणवाडीत
आढ्याला वजनकाटा टांगते,
निळ्या झोळीत लेकरू बसवते,
काटा थरथरायचा थांबला की फोटो.
अकरा वर्षं.
एकच आढं, एकच झोळी, दोनदा शिवलेली,
आणि रडणारी तोंडं दर महिन्याला थोडी थोडी मोठी.

साहेबांना फक्त आकडा लागतो.
आकडा वहीत गेला.
फोटो कशाला ठेवले ते मला नीट सांगता येत नाही.

आधी तारखेनं लावले.
मग आयांच्या नावानं: लताचा, रायवंताची, सुकेशिनीचे दोघं.
मग लता सासर सोडून गेली,
तिचा पोरगा मी आजीच्या नावाखाली शोधू लागले,
आणि एका रात्री कंटाळून सगळं ओतलं
नवीन फोल्डरमध्ये,
त्यात पुन्हा नवीन फोल्डर दोन,
भरल्या कोठीत पोतं कोंबावं तसं.

सेतू केंद्रातला इंदल म्हणाला,
"बाई जी, तीन जागी ठेवा. एक तरी गावाबाहेर."
हे मला काय शिकवतो?
धानाचं बियाणं आमच्या घरी असंच असतं,
थोडं ढोलीत, थोडं माळ्यावर मडक्यात,
थोडं भावाकडे लाखनीला.
उंदीर एकाच साली तिन्हीकडे जात नाहीत.

मी ऐकलं. पण उद्या करू म्हणत ऐकलं.

पेनड्राइव्हचा लाल दिवा लागला, विझला.
फॉरमॅट करायचं का, संगणकानं विचारलं,
इतक्या अदबीनं
की इंदलचं बोट हो म्हणायला निघालंच होतं.

दोन हजार सतरा गेलं.
बावीस पोरं.

मग दारोदार फिरले,
पोलिओच्या रविवारी फिरते तशी,
खांद्याला फक्त बर्फाची पेटी नव्हती.
"तुमीच त पाठवला होता जी मले, थांबा पायतो."
कुणाच्या फोनात, कुणाच्या जावयाच्या फोनात,
नागपुरात टाइल्स बसवणाऱ्या बापाच्या डीपीवर.
आले, एकेक करून आले.
एकाच्या कोपऱ्यात गुलाब, एकावर शुभ सकाळ,
एकीला चक्क सशाचे कान.
इकडून तिकडे ढकलून ढकलून इतके पुसट
की काट्यावर सात की नऊ कळेना.
वही काढली. सात होतं.

एका घरी मी गेले नाही.
त्या घरचं लेकरू मार्चनंतर झोळीत बसलं नव्हतं.
त्याची आईच आली, भर दुपारी, रोवण्याचा चिखल पायावर तसाच.
बॅटरी फुगलेला जुना फोन,
प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर.
"यातून काई निघते का पाहा जी."
इंदलला तीन दिवस लागले.
एक निघाला.
अर्धा हललेला, माझीच बोटं मध्ये आलेली.
त्याचा फोल्डर वेगळा केला.
नाव देताना बराच वेळ बसले, मग दिलंच नाही.

आता शिस्त आहे.
साल, महिना, आईचं नाव, पोराचं नाव.
एक पेनड्राइव्ह घरी, हळदीच्या डब्यामागे,
एक लाखनीला भावाच्या कपाटात,
आणि तिसरी प्रत आभाळात जाते म्हणतात.
त्यासाठी रात्री तलावाच्या पाळीवर जावं लागतं,
तिथेच दोन काड्या नेटवर्क.
बेडूक ओरडतात, डास फोडतात,
मी पदर डोक्यावर घेऊन बसते
आणि एकेक पोर वर जाताना पाहते,
एक्याऐंशी टक्के, ब्याऐंशी टक्के.

परवा यथार्थ आला, शहाऱ्यांचा. सहावीत आहे.
ओठांवर लव यायच्या बेतात.
"बाई, तो फोटो मिटवा ना."
कोणता?
"बहिणीच्या फ्रॉकातला. टुरे हासतेत."
त्याच्यासमोर फोन काढला, त्याच्यासमोर मिटवला.
कचऱ्याच्या डब्यातूनही मिटवला, तसं त्यानंच करायला लावलं.
"गेला?"
गेला रे.
उड्या मारत गेला पोरगा.
हळदीचा डबा काही बोलला नाही.
लाखनीचा भाऊ तसाही कमीच बोलतो.