नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे

नुगझारचं टेबल माझ्या टेबलाला लागून.
मी चमचे विकते, तो बंद पडलेली नवलाई:
कॅसेटचे प्लेअर, डोळा फुटलेले कॅमेरे,
रिमोट, ज्यांचे टीव्ही केव्हाच वारले.
तिबिलिसीत या जागेला सुका पूल म्हणतात.
आमचा धंदाही बऱ्याचदा तसाच.

शनिवारी वाखो आणि नुत्सा येतात.
घेत काही नाहीत. बोलतात.
कुठला कन्सोल तव्यासारखा तापतो,
कुठल्या मालिकेनं शेवटच्या भागात माती खाल्ली,
नवा फोन म्हणजे जुनाच,
फक्त कॅमेऱ्यांना पिल्लं झालीत.
"तुझं ग्राफिक्स कार्ड माझ्या बाबाच्या गाडीपेक्षा महाग."
"पळतंही जास्त."
मला निम्मं कळत नाही,
पण यंत्र कानात नीट बसवून ऐकते.

त्या दिवशी वाखोच्या हाती लागला
तळहाताएवढा एक खेळ. निळी पत्र्याची चौकट,
चार फांद्या, एक अस्वल, एक टोपली.
नासपत्या पडतात, अस्वल झेलतं.
"बस? एवढंच?" नुत्सा म्हणाली, "सेव्ह कुठं करायचं?"
"सेव्ह?" नुगझार हसला. "मेलास की मेलास."

मग म्हणाला, हजार झाले
की अस्वल टोपली टाकून नाचतं.

हे मलाही ठाऊक होतं.
आमच्या वेळी प्रत्येक अंगणात
ते नाच पाहिलेला कुणीतरी असायचा,
कुणाचा तरी चुलतभाऊ, नेमका कालच कुताईसीला परत गेलेला.

"माझ्या भावानं पाहिलंय. तेंगोनं.
ब्याण्णवचा हिवाळा. वीज नाही, गॅस नाही.
या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो रे,
मी मेणबत्ती धरायचो, तो खेळायचा.
मेण अंगठ्यावर गळायचं, मी हूं की चूं नाही.
नऊशे नव्वदला माझा डोळा लागला.
सकाळी तो म्हणाला, नाचलं.
आधी डावा पाय. मग टोपी काढून मुजरा."

तेंगो आता कुठं आहे, हे पोरांनी विचारलं नाही.
नुगझारनंही पुढं काही सांगितलं नाही,
एक प्लेअर उगाच पुसत राहिला.

तीन शनिवार वाखो खेळला,
स्टुलावर उकिडवा, जीभ दातांत धरून.
तिसऱ्या शनिवारी आठशे बाराला
पडदा फिकट व्हायला लागला. सेल संपत आलेले.
बाजारभर शोधले, त्या मापाचे मिळेनात.
मी कानातलं यंत्र काढलं, डबीतला जोडीचा सेलही दिला.
नुत्सानं सेल असे एकेक करून बदलले
की अस्वलाला कळलंसुद्धा नाही.

आणि बाजार गप्प झाला.
माझ्यापुरता.

म्हणून पुढचं मी फक्त पाहिलं.
वाखोच्या खांद्यामागून, तीन आकडे:
नऊशे सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव.
नासपती फांदीवरून सुटली. अस्वलानं झेलली.

शून्य शून्य शून्य.

चौथ्या आकड्याला जागाच नव्हती त्या पडद्यावर.
नासपत्या पुन्हा पहिल्यासारख्या, सावकाश.

टेबलापलीकडून नुगझारचे ओठ हलले.
काय विचारलं असेल, त्याला कान कशाला हवेत.
वाखोनं नुत्साकडं पाहिलं,
नुत्सानं माझ्याकडं,
आणि मी, साठी उलटलेली बाई, चमच्यांकडं.

मग वाखो उठला.
भर बाजारात, रशियन पदकं विकणाऱ्या म्हाताऱ्यासमोर,
डावा पाय उचलला. आधी डावाच.
नुत्सानं आपली टोपी काढून त्याच्या हातात दिली.

इतकी शुद्ध लोणकढी मी जन्मात पाहिली नव्हती.

नुगझार किती वेळ हसत होता, की दुसरं काही,
मला ऐकू येत नव्हतं.
त्यानं खेळ उचलला, पंचवीस लारीची चिठ्ठी फाडली,
कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.
आठवण झाली तसा पुन्हा काढला
आणि माझे सेल परत केले.

यंत्र कानात बसवलं तेव्हा पहिला आवाज नुत्साचा:
"पण नव्या फोनला चार्जर देत नाहीत,
ही सरळ सरळ लूट आहे की नाही, त्सियाला मावशी?"