समजा, हा दगड हलत नाही

आधी एक न हलणारा बिंदू ठरवावा लागतो,
नाहीतर कोण किती खचलं ते सांगता येत नाही.
मी झिरो माईलचा दगड धरला.
चार घोडे, एक खांब, वरून जाणारी मेट्रो.
समजा, हा हलत नाही.
रकान्यात त्याच्यापुढे शून्य टाकलं
आणि कूलरमध्ये पाणी भरायला उठले.

उपग्रह बारा दिवसांनी येतो,
सातशे किलोमीटरवरून जमिनीला हाक मारतो,
ओ आली की जपून ठेवतो.
पुढच्या खेपेला पुन्हा हाक, पुन्हा ओ.
दोन ओंमधल्या फरकावर माझा पगार निघतो.

काटोलकडच्या संत्र्याच्या बागा धड ओ देत नाहीत,
पानं हलतात, सगळी एकदम बोलतात.
टिनाची छपरं इमानदार.
पाण्याची टाकी, शाळेचा कठडा, रेल्वेपूल,
वर्षानुवर्षं त्याच आवाजात.

पण लाटेला पुऱ्या फेऱ्या मोजता येत नाहीत.
मिनिटकाटा दिसतो, तासकाटा नाही.
किती वाजले ते शेजारच्या ठिपक्याला विचारत
कडेकडेनं आत शिरावं लागतं.

तसंच शिरताना, सावनेरच्या वाटेला,
बंद पडलेल्या खाणीच्या डोक्यावर
रंगांची कडी दिसली:
निळ्यात हिरवं, हिरव्यात लाल, पुन्हा निळं.
चार कडी. चार गुणिले अठ्ठावीस मिलिमीटर.
साहेब मागे येऊन उभे राहिले, म्हणाले,
'सुंदर आलंय.'
आलं होतंच सुंदर.
मधोमध सतरा छपरं होती.

मे महिन्यात, दुपारी, मी नकाशा गुंडाळून गेले.

बिरजाबाईचं दार उंबऱ्याला घासतं.
दर दिवाळीला सुतार बोलावून ती खालून रंधा मारून घेते.
चौकटीवर खडूच्या रेघा, पाच दिवाळ्यांच्या.
मी पट्टी लावली.
शेवटच्या दोन रेघांमधलं अंतर
माझ्या रंगांशी बोटभरानं जुळलं.
'मंग तुमच्यावाल्या मशीनले,' ती म्हणाली,
'कोणतं दार घासते?'

इस्तारी नैताम भिंतीला टेकून बसले होते,
एकतीस वर्षं त्याच खाणीत, खाली.
नकाशा मांडीवर घेतला, उलटा,
मग आपणच सरळ केला.
'आधी खांब सोडून कोळसा काढाचा.
मंग वापस येता येता खांबई काढाचे.'
बोट लाल ठिपक्यावर. 'हा येंकन्नाचा.
हा माहा. हाई माहाच.
हा राह्यला होता, पाणी भरलं म्हून.'
तिथे रंग खरंच पिवळा होता,
आणि मला कारण सापडत नव्हतं.

मी त्यांना सांगू लागले,
लाट जाते, आदळते, परत येते...
'छत ठोकाचो ना आम्ही,' ते म्हणाले,
'सब्बलनं.
टण्ण वाजलं तं खाली बसून डबा खावा.
भद्द वाजलं तं डबा टाकून पयावं.
किती इंच, ते कोनी नाई इचारलं कधी.'

उठले, हातातली काठी
बिरजाबाईच्या ओट्यावर दोनदा आपटली.
मान खाली घालून ऐकत राहिले.
मला तर साधा ओट्याचा आवाज आला.
कोपऱ्यातली कोंबडी तेवढी उठून बाहेर गेली.

'सांग आता,' बिरजाबाई म्हणाली.
कोणाला म्हणाली, कळलं नाही.
इस्तारीमामा पण माझ्याकडेच बघत होते.
मी अकरा सेंटीमीटर म्हणाले.
मग म्हणाले, अहवाल पाठवते.
मग म्हणाले, या दिवाळीला रंधा मारू नका.

परतताना झिरो माईलपाशी सिग्नल लाल.
गाडीच्या दिव्यांत चारही घोडे
पाय उचललेले.
वरून मेट्रो गेली, हँडल हातात थरथरलं.
मी खांबाच्या बुंध्याकडे बघत राहिले,
जिथे तो मातीत जातो तिथे.

मागच्यानं हॉर्न मारला.