गोड वास

ओम्नीचं इंजिन सीटखाली असतं,
म्हणजे मी आणि इनाया
गेली दोन वर्षं त्याच्यावर बसूनच शाळेला जातो,
मरोळ गावठाण ते चकाला, सकाळी सहा पन्नास.

दिवाळीच्या सुट्टीआधी ती नाक पुढे करून म्हणाली होती,
"मावशी, गाडीत गोड वास येतो."
मी म्हटलं, तुझ्या डब्यात शिरा असेल.
डब्यात त्या दिवशी अंडं होतं.

पाणी रोज थोडं कमी व्हायचं.
मी रोज थोडं घालायचे,
दोन लिटरची बाटली, नळाची,
शेजारीण मागायला आली की वाटीभर साखर द्यावी
तसं, काही न विचारता.
एकदा गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरला.
सकाळी कोरडा. थेंब नाही.
मला तर बरंच वाटलं, गळत नाही म्हणून.

बावतीसने सीट उलटली.
खाली तीन खोडरबर,
कागदात गुंडाळलेला एक दुधाचा दात,
आणि इंजिन.
डिपस्टिक ओढून त्याने नुसती माझ्यासमोर धरली.
काळं असायला हवं होतं ते
बिस्किट बुडवून विसरलेल्या चहासारखं.
झाकणाच्या आतून तर बोटाने साय निघाली.

"भायेर नाय बाय, आत गलते."

पाण्याची वाट वेगळी, तेलाची वेगळी,
मधे गॅस्केट, पापडाएवढं.
ते जळलेलं.
"आता चावी लावू नको. घरापर्यंत पन नको.
बेअरिंगला तेल पायजे,
नि तू त्याला ताक पाजतेस."

अकरा पालकांना मेसेज: व्हॅन चार दिवस बंद.
दहा अंगठे आले.
एकाने विचारलं, फी कापणार का?

साकीनाक्याच्या लेथवाल्याने हेडवर पोलादी पट्टी ठेवली,
खालून उजेड दिसला.
केसभर.
त्या केसभराचे नऊ हजार.

पहिलं तेल पडलं नाही, ओघळलं,
बादलीत जागच्या जागी बसून राहिलं.
दुसरं स्वस्तातलं, नुसतं धुण्यापुरतं,
थोडा वेळ इंजिन चालवून काढलं: राखाडी.
तिसरं भरताना बावतीस म्हणाला,
शंभर किलोमीटर चालव नि परत ये, हे पन काढू.
मी म्हटलं, हे तर चांगलं दिसतंय.
"दिसतंय," तो म्हणाला,
आणि हात पुसायला चिंधी शोधू लागला.

सोमवारी पहाटे थंड इंजिनाचं झाकण उघडलं.
हिरवं पाणी काठाशी,
रात्री होतं तिथेच.
माझ्या हातात भरलेली बाटली,
सवयीने भरून आणलेली.
जरा वेळ तशीच उभी राहिले.

दात कुणाचा ते अजून कळलेलं नाही.

इनाया चढली, दप्तर मांडीवर.
या वेळी मीच विचारलं.
तिने नाक पुढे केलं, वेळ घेतला.
"पेट्रोल," म्हणाली. "आणि तुझं खोबरेल."
मी ते वहीत लिहून ठेवलं,
किलोमीटरच्या आकड्याखाली.