शेपटीवरचे पट्टे

हॉलंडहून पत्र आलंय. समुद्र हटवून
जमीन काढतात ना, त्या खात्यातून.
सीबरेन वाल्ता नावाच्या माणसाने
जपून, शाळकरी जर्मनमध्ये विचारलंय:
तुमच्या तळाच्या वहीत त्या रात्री, या पाण्यावर
पाच विमानं पाडल्याची नोंद आहे.
आता पाणी नाही. आम्ही नांगर घालतोय.
दोन सापडली.
उरलेली तीन कुठे असावीत, आपण सांगू शकाल का?

मी कोण सांगणारा? मी वैमानिक नव्हतो.
मी रंगारी. पाडलेल्या प्रत्येक विमानामागे
शेपटीच्या सुकाणूवर पांढरा पट्टा ओढायचो,
दोन बोटं रुंद, वीतभर लांब,
कड सरळ यावी म्हणून श्वास धरून.

पहाटे हार्टविग उतरायचा. हातमोजे दातांनी ओढत
म्हणायचा, "दोन ओढ, एर्विन. पेटलेली बघितली."
बघितली होती. खोटं बोलायचा नाही तो.
पण त्याच ज्वाळा डावीकडून लोरेन्झने बघितल्या,
खालून किनाऱ्यावरच्या तोफवाल्यांनी.
जाळ एक, धनी तीन.
आणि एखादं धूर सोडत ढगात बुडालं
तर ते पडलंच असणार, असं
त्या वीस वर्षांच्या पोराला वाटणारच की,
ज्याचे कान अजून गोळ्यांनी बधिर आहेत.
साक्षीदार? पाणी.
पाणी कुणाच्याही बाजूने साक्ष देतं.

कारकून ब्रुन्स तेवढा कुरकुरायचा:
वेळ सांगा, उंची सांगा, दुसऱ्या कुणाची सही आणा.
मग वरून फोन यायचा, आणि त्याच्या पेन्सिलीचं
प्रश्नचिन्ह पुसट होत जायचं.
रंग मात्र मला कधी कमी पडला नाही.
साबण मिळत नव्हता त्या हिवाळ्यात, पांढरा रंग यायचा.

हार्टविगच्या शेपटीवर एकोणीस झाले.
विसावा ओढायला विमान परत आलं नाही.
पलीकडच्या कुणाच्या तरी पत्र्यावर
त्याचीही खूण असेल.
एकाच्या, की दोघांच्या?

आता दुकानांच्या पाट्या रंगवतो मी. पाव, चपला, चष्मे.
हात अजून सरळ चालतो.
रात्री पत्र पुन्हा वाचलं तेव्हा मनात आलं,
एका विमानात सात माणसं असायची.
हे तेव्हा ठाऊक नव्हतं असं नाही.
पट्ट्याची रुंदी मोजत होतो, एवढंच.

म्हणजे त्या तीन खोट्या पट्ट्यांत बसून
एकवीस जण घरी गेले.
इंग्लंडात कुठेतरी उतरले, चहा प्यायले,
एखाद्याने पंखातल्या भोकात मूठ घालून दाखवली असेल.
आयुष्यभर मी कड सरळ काढली,
आणि आता म्हणतो, देवा, त्यातले होतील तेवढे
खोटे निघोत.

पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे:
बीटच्या शेतात आणखी एक सापडलं.
तुमच्या वहीत ते नाही. त्यांच्या वहीत
'परत आले नाही' एवढंच.
आत बूट आहेत.
हे कुणी पाडलं?

उत्तर लिहायला बसलो. ब्रश धुतलेलं पाणी
वाटीत पांढरं होऊन थांबलंय.
'श्री. वाल्ता' एवढं लिहिलं, आणि पुढे
ओळ सरळ येईना.