मागची हवा

कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या पाठीमागं,
जिथं ट्रेलर दुपारी सावलीसाठी एकमेकांना खेटतात,
तिथं माझं शेड.
पाटी गंजून पडली, पुन्हा लावली नाही.

शुक्रवारी सारसोळ्याहून पिकअप आली.
मोकळीच, तरी मागून बसलेली, पुढून मान वर,
भरदिवसा चालू राहिलेले दिवे
रस्ता सोडून कडुलिंबाच्या शेंड्यावर.
चालवत होती हेमांगी.
शेजारी बाप, धाकलू कोळी,
पाय सीटवर घेऊन, होडीत बसावं तसा.

हुकाला काय लावणार, विचारलं.
"होरी," म्हातारा म्हणाला
आणि बाहेर बघायला लागला.

जुने शॉक काढायला अर्धा दिवस गेला.
खाडीकाठची गाडी, मीठ नटाच्या आट्यांत शिरलेलं.
रॉकेल पाजलं, गॅस दाखवला, शिवी दिली,
शेवटी डावा बोल्ट तुटूनच आला.
नवे शॉक दिसायला साधे,
पोटाशी रबराची बाही, कानाशी हवेची नळी.
नळी सायलेन्सरपासून लांब घेतली,
चासीला बांधत बांधत नंबरप्लेटपाशी आणली,
तिथं वाल्व्ह बसवला, सायकलला असतो तसलाच.
हेमांगी बॅटरी धरून होती.
माझा हात जाणार तिथं तिचा उजेड आधी.

मग साबणाचं पाणी.
उजवीकडं सगळं गप्प. डावीकडं एक बुडबुडा
फुगला, थांबला, फुटला, पुन्हा फुगला.
"मासा हाय," म्हातारा म्हणाला. पहिल्यांदा हसला.
नट पाव आटा आवळला. मासा गेला.

प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो ते सांगितलं:
यानं गाडीची ताकद वाढत नाही.
पाटे तेच, एक्सल तोच, ब्रेक तेच.
हवा वजन कमी करत नाही,
नुसती कंबर सरळ ठेवते.
"तवराच पायजे," म्हातारा म्हणाला.

महिन्याला किती खेपा?
हेमांगी म्हणाली, एकच. करंजाला. विकली.
धक्क्यापाशी गाळ भरलाय, ओहोटीला होरी
चिखलात गुडघे टेकते,
आणि भरतीची वाट बघत बाबा रात्रभर जागे.

एका खेपेला एवढा खर्च?
धंद्याच्या माणसानं विचारू नये ते
माझ्या तोंडून गेलं.
धाकलूनं माझ्या हातातली टेप घेतली,
उकिडवा बसून चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत मोजलं,
पुन्हा मोजलं.
"पान्यावर ती कवा वाकरी चालली नाय.
पाम बीचवरशी जाताना लोकं बघतील."

रात्री दोनला लोक कुठले.
पण मी बोललो नाही.

वाळूच्या सहा गोण्या हौद्यात मागच्या फळीशी रचल्या.
गाडी चार बोटं बसली.
पंप लावला. चाळीस. साठ.
ऐंशी पौंडाला कमान आपल्या जागी आली,
दिवे कडुलिंबावरून उतरले,
समोरच्या भिंतीवर दोन गोल, एका रेषेत.

निघताना बजावलं, येताना हवा काढा.
सगळी नाही, वीस ठेवा.
रिकामं रबर स्वतःलाच चावतं.

सोमवारी पिकअप परत आली. हुक मोकळा,
मागून उंच, प्रत्येक खड्ड्याला उडणारी.
ऐंशीच्या ऐंशी तशीच.
"मी म्हटलं होतं काढू या," हेमांगी म्हणाली,
"बाबा नको म्हणाले."
म्हातारा बरोबर नव्हता.

वाल्व्हवर काडी दाबली.
हवा माझीच, कळंबोलीची,
रबराच्या आणि डिझेलच्या वासाची.
तरी मी वाकून हुंगली.
वीसला थांबलो.

हेमांगीनं खिडकीतून डोकं काढलं,
यावर पाण्याची टाकी ओढता येईल का?
उन्हाळ्यात सोसायट्यांना टँकर पुरत नाहीत म्हणे.
किती लिटरची, मी विचारलं
आणि टेप शोधायला लागलो.