सकाळी सात, संध्याकाळी सात

उणे एकतीस.
इंजिनाला रात्रभर वायर जोडून ठेवली होती,
तरी गाडी कण्हतच सुरू झाली.
रविवार. त्यात उद्या आमचा जुन्या पंचांगाचा नाताळ.
आईनं गहू भिजत घातलेत, खसखस वाटायची राहिलीय,
पण मूत्राशयाला सण कळत नाही.

विद्यापीठाच्या तळघरात सोळा पिंजरे.
सगळ्या माद्या.
माद्याच का, नवे विद्यार्थी विचारतात,
त्यांना वाटतं, काहीतरी खोल कारण असेल.
मूत्रमार्ग आखूड असतो, मी सांगते,
पिळायला सोपं जातं.

डाव्या तळव्यावर घ्यायची, अंगठ्यानं खाली चाचपायचं,
पिकल्या द्राक्षाएवढं काहीतरी हाताला लागतं.
दाब बेताचा.
जास्त झाला तर फुटेल, कमी झाला तर उद्या लघवीत रक्त.
हे पुस्तकात नीट कुठं लिहिलेलं नाही,
बोटांना बोटांकडून आलंय.
मला सिग्रूननं शिकवलं. ती आता निवृत्त होऊन
गिम्लीला बर्फात भोक पाडून मासे धरत बसते.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी
नवव्या मणक्याचं छप्पर काढलं.
आत मज्जारज्जू, ओल्या सुतळीसारखा, वर एक निळी शीर.
यंत्राची दांडी खाली आली, वर गेली.
बस्स.
संगणकानं आलेख काढला : सोळाही आघात एकसमान.
तसेच असावे लागतात.
माणसं मात्र कशीही पडतात.

झर्व्हे लाव्हाले हिममोटारीवरून पडला,
मार्चमधल्या सरोवरावर,
आदल्या दिवशी नसलेल्या बर्फाच्या एका कडेवर आदळून.
अकरा वर्षं झाली.
गेल्या आठवड्यात तो आमच्याकडे आला.
पाच सह्या, निळा अंगरखा,
चाकांनाही निळ्या पिशव्या बांधल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्याला हौद दाखवला,
पोरांचा डुंबायचा, प्लास्टिकचा, कडेला बदकं छापलेली.
त्यात एकेकीला चार मिनिटं सोडायचं, दोघींनी बघायचं,
गुण शून्य ते एकवीस.
शून्याला मागचे पाय ओल्या फडक्यासारखे ओढले जातात.
एकवीसला काही झालं होतं हे ओळखूही येत नाही.
नव्या औषधानं, बाई म्हणाल्या, नवावरून अकरावर.
नऊ म्हणजे पाऊल टेकणं. अकरा म्हणजे ते उचलून पुढं टाकणं.
तो मान हलवत होता.
मग माझ्याकडे वळला, माझ्याकडे सहसा कुणी वळत नाही.
'यांना मुतवतं कोण?'

मी.
'किती वाजता?'
सकाळी सात, संध्याकाळी सात.
'मी दर चार तासांनी, नळी घालून.
आईला पुरताना घड्याळ बघत होतो.
चालायचं राहू द्या, बाई.
हे तुमच्या एकविसात कुठं बसतं?'

बसत नाही.
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.
मी बारा नंबरची हातात घेतली, वेळ झालीच होती.
तिची धार लागली तेव्हा पाहिलं :
खुर्चीच्या हातावर त्याचा अंगठा
माझ्या अंगठ्याबरोबर दाबत होता.

आज बारा नंबरचा भुसा ओला.
चाचपलं. द्राक्ष नाही.
पुन्हा चाचपलं.
आपली आपण मोकळी झाली, रात्रीत केव्हातरी.

औषधाचं श्रेय नाही यात, मला माहीत आहे.
हिला औषध नव्हतंच, हिला नुसतं मिठाचं पाणी.
उंदरांचं दोन-अडीच आठवड्यांत आपोआप परततं,
माणसाचं इतकं सोपं नसतं.
म्हणून तर ही नमुना,
आणि म्हणूनच नुसती नमुना.
महिनाअखेर हिच्या कण्याच्या चकत्या होतील,
काचेवर, जांभळ्या, केसाहून पातळ.

वहीत यासाठी रकाना नाही.
समासात लिहिलं : बारा, स्वतःहून, ६ जानेवारी.
पेनातली शाई गोठली होती,
काखेत धरून ऊब द्यावी लागली.

सात वीस.
चार तासांचा हिशेब मनात केला,
तो जागा असेल का नसेल.
तेरा नंबरची वाट बघत होती.