दुसरा वापरकर्ता

सकाळचे सव्वासात, थंडर बे, उणे एकोणीस.
ट्रकमध्ये बसून टॅबलेट उघडतो,
आधी बोटावर फुंकर, गार बोट त्याला माणसाचं वाटत नाही.
मग आजचं काम उमटतं:
विटांचं घर, एकोणीसशे एकोणचाळीस, नऊ वाजता.
करारावर सही रात्रीच झालेली. पैसे जमा.
गिऱ्हाइकाला आठवणीचं पत्रही आपोआप गेलेलं:
"जाड बूट घालून या. तळघरात उतरायचंय.
— हेल्वी"

पूर्वी हे सगळं एका वहीत असायचं
आणि वही कुठे आहे, ते हेल्वीच्या डोक्यात.
मग एका हिवाळ्यात तिनं
वही आणि डोकं दोन्ही ह्याच्यात ओतलं.
तीनशे चाळीस वाक्यं, खोलीवार, दोषवार,
मी नुसतं बोट लावायचं.
"लिहिताना घाबरतोस तू, रेइनो," म्हणाली,
"ओलाव्याची शक्यता नाकारता येत नाही,
म्हणजे काय?
पाणी येतं की नाही?"

म्हणून तळघराच्या कोपऱ्यात गुडघे टेकून
भिंतीला सुया टोचतो, आकडा बघतो,
तळघर, भिंत, ओल, असं दाबत जातो
आणि पडदा बोलतो:
"इथं पाणी येतं. विकणारे म्हणतील, येत नाही.
मार्चमध्ये येऊन बघा."

छपराखाली, टॉर्च दातात धरून:
"कडेला बर्फ साचतो, वितळतो, आत शिरतो.
पाहुणा नव्हे, मुक्कामाला आलेला दीर."
(माझा भाऊ ओन्नी त्या हिवाळ्यात आमच्याकडेच होता.)

विजेच्या डब्यापाशी:
"ही तार तुमच्या पणजोबांच्या वयाची आहे.
पणजोबांच्या डोक्यावर हीटर आणि टोस्टर
एकदम ठेवाल का?"
हे वाक्य काढा, असं वकील म्हणाला होता.
काढतो म्हणालो.

दर एक तारखेला बिल येतं. वापरकर्ते दोन.
रेइनो कांगास: चालू.
हेल्वी कांगास: शेवटचा प्रवेश चारशे बारा दिवसांपूर्वी.
खाली बारीक अक्षरात सल्ला:
न वापरलेली जागा काढून टाका,
महिना एकोणतीस डॉलर वाचवा.
एकोणतीस डॉलर.
एवढ्यात ह्या गावात
कोण कुणाला राहू देतं?

आणि ह्या आठवड्यापासून नवीन टूम.
घर निम्मं बघून झालं की मधेच चौकट उघडते:
तुमची वाक्यं आम्ही अधिक व्यावसायिक करून देऊ?
नमुना म्हणून तळघराचंच उचललेलं.
डावीकडे तिचं, उजवीकडे त्यांचं:
"ओलाव्याची शक्यता नाकारता येत नाही."

मी पायरीवर बसलो.
इतका हसलो की वरून कोरिन देमुलँ डोकावली.
घर घेणारी तीच, नर्स, रात्रपाळी करून आलेली,
पायात गुडघ्यापर्यंतचे बूट.
"काही सापडलं का?"
"ओल," म्हटलं.
"आणि हेल्वी? त्या नाही आल्या?
पत्रावरून वाटलं, त्या असतील."
"ती लिहिते," मी म्हणालो, "चढायचं-उतरायचं माझ्याकडे."

चौकट अजून उघडीच.
दोन बटणं: होय, आणि आत्ता नको.
तिसरं कुणी बनवलेलं नाही.
मी आत्ता नको दाबलं. गुरुवारी पुन्हा विचारेल.

"घेऊ का मी हे घर?" कोरिननं विचारलं,
सगळेच विचारतात, आणि ते सांगायची आम्हाला मनाई असते.
पण पायऱ्या चढताना
कठड्याचा एक स्क्रू ढिला लागला हाताला.
खिशातला पेचकस काढला, पिळला,
आणि अहवालात तो दोष
लिहिला नाही.